कॅमेरा घ्यावा की डीएनए चाचणी करावी? तासगावच्या एका पतसंस्थेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे. तासगाव तालुक्यातल्या एका महिला पतसंस्थेकडे सामाजिक कामासाठी थोडी रक्कम आहे. त्यातून ३० ते ६० वयाच्या सुमारे ३०० सभासदांची ‘गर्भपिशवीच्या कॅन्सरची’ तपासणी करायची आहे. एका कंपनीच्या माणसाने हातात धरायचा कॅमेरा दाखवला. फोटो काढायचा, एआय एका मिनिटात निकाल सांगणार. दुसरीकडे एका लॅबने एचपीव्ही या विषाणूची डीएनए चाचणी सुचवली, तिला खर्च जास्त. अध्यक्षबाई, ज्या शाळेत शिकवतात, विचारतात की यातलं कोणतं घ्यावं, आणि ओव्हरीचा व पिशवीच्या आतला कॅन्सरही त्यात कळेल का. शेवटी एक ओळ आहे: ‘आई ६२ वर्षांची आहे, पाळी जाऊन बारा वर्षं झाली, मध्यंतरी दोनदा किंचित लाल गेलं, तिलाही शिबिरात आणू ना?’

बाई, शेवटची ओळ आधी घेते. आईंना शिबिरात आणू नका. शिबिर असतं कसलीच तक्रार नसलेल्या बायकांसाठी. पाळी पूर्ण बंद झाल्यावर लाल गेलं, मग तो कपड्यावरचा एक डाग का असेना, की ती तक्रार झाली आणि तिचा रस्ता वेगळा. योनीमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या अस्तराची जाडी मोजायची. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर आतल्या कॅन्सरची शक्यता फार कमी. जास्त असेल, किंवा पुन्हा पुन्हा लाल जात असेल, तर पिपेल नावाच्या बारीक नळीने अस्तराचा नमुना घ्यायचा. हे ओपीडीत होतं, भूल लागत नाही. अशा दहा बायकांत साधारण एकीला कॅन्सर निघतो, बाकीच्यांना कोरडेपणा, पॉलिप असलं काहीतरी असतं. हा कॅन्सर रक्त दाखवून लवकर वर्दी देतो, म्हणून वेळेत गाठला तर बहुतेकदा पिशवीपुरताच सापडतो. आईंच्या बाबतीत वर्दी दोनदा येऊन गेली आहे. या आठवड्यात सांगली-मिरजेत कुणाही स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. एचपीव्ही निगेटिव्ह आला म्हणून हे टळत नाही, पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा त्या विषाणूशी संबंध नसतो.

आता कॅमेरा. तो काय आणि डीएनए चाचणी काय, दोन्ही फक्त पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहेत. कंपनीचा माणूस खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो.

कॅमेरा म्हणजे आमच्या कोल्पोस्कोपचंच धाकटं भावंड. १९२५ मध्ये जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी पिशवीच्या तोंडाकडे भिंगातून बघायला सुरुवात केली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. भिंग, उजेड आणि ॲसेटिक ॲसिड. मिरजेत मी बावीस वर्षं हेच बघते आहे, तर त्यात दिसतं काय ते सांगते, म्हणजे कॅमेरा कुठे शहाणा आणि कुठे आंधळा ते तुमच्या लक्षात येईल.

मागच्या महिन्यात कवठेमहांकाळकडची एक बाई आली होती. वय एकेचाळीस, दोन मुलं, बागेत मजुरी. तक्रार काहीच नाही, पण एचपीव्ही १६, म्हणजे त्या विषाणूचा एक धोकादायक प्रकार, पॉझिटिव्ह. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन, घातलं, पिशवीचं तोंड समोर आलं. गुलाबी, ओलसर, साध्या डोळ्यांना अगदी निरोगी. ५ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस लावला. त्याचा वास व्हिनेगरचा, त्यामुळे टेबलावरून हमखास विचारलं जातं, ‘लोणचं घालताय काय ओ मॅडम?’ घड्याळात एक मिनिट मोजायचं. पंचवीस-तीस सेकंदांनी तोंडाच्या वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात तिथे, दुधावर साय धरावी तसं पांढरं धरायला लागलं. कडा स्पष्ट, नकाशा काढल्यासारखी. मग हिरवा फिल्टर लावला. हिरव्या उजेडात रक्तवाहिन्या काळ्या दिसतात. त्या पांढऱ्या भागात बारीक काळ्या रेषांनी फरशीसारखे चौकोन पाडलेले. त्यानंतर लुगॉलचं आयोडीन. निरोगी पेशींत ग्लायकोजन असतं, त्या आयोडीन पिऊन गडद तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत ते उरलेलं नसतं, म्हणून तेवढा तुकडा पिवळा राहतो. आपल्या सांगलीच्या बाजारातल्या हळदीचाच रंग म्हणा. तिथून दोन तुकडे घेतले. रिपोर्ट आला: सीआयएन ३, म्हणजे कॅन्सरच्या अलीकडची पायरी. लूप, म्हणजे विजेच्या तारेचा फास, लावून तेवढा भाग काढला, त्याच दिवशी संध्याकाळी ती घरी गेली.

ॲसिडने पांढरं का होतं? बिघडलेल्या पेशीत केंद्रक मोठं आणि प्रथिनं जास्त. ॲसिड लागलं की ती थोड्या वेळापुरती गोठतात आणि उजेड खाली न जाता वरूनच परततो. उजेडाचा खेळ एवढाच आहे. पण सुजलेल्या किंवा नुकत्या बदलत असलेल्या निरोगी पेशीही पांढऱ्या होतात. आपल्याकडे निम्म्या बायका पांढरं जाण्याची तक्रार अंगावर काढतात. सुजलेलं, सहज रक्त येणारं तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं की पांढरे डाग कितीतरी. शिकाऊ डॉक्टर जिथे चकतो तिथेच यंत्रही चकतं.

दुसरी अडचण वयाची, आणि ती जास्त वाईट. पिशवीच्या तोंडावर दोन प्रकारच्या पेशींची एक सीमा असते. कॅन्सर बहुतेकदा त्या सीमेच्या पट्ट्यात सुरू होतो. तरुणपणी ती सीमा बाहेर असते, दिसते. पाळी थांबायच्या सुमाराला ती आत सरकते, पिशवीच्या तोंडातून आत जाणाऱ्या नळीत जाते. मग बाहेरून फोटो कितीही स्वच्छ असो, जिथे बघायचं ती जागाच चौकटीत नसते. एका शिबिरात ५८ वर्षांच्या बाईंना कॅमेऱ्याने ‘नॉर्मल’ दिलं होतं. पुढे त्यांचा एचपीव्ही १६ निघाला, नळीच्या आतून खरवडून नमुना घेतला तेव्हा सीआयएन ३ सापडलं. कॅमेऱ्याची चूक नव्हती, त्याने दिसलं तेवढं सांगितलं. चूक आमची. ‘सीमा दिसत नाही’ असा शेरा लिहायला हवा होता, तो कुणी लिहिला नाही. तुमच्या ३०० सभासदांत पन्नाशीच्या पुढच्या किती आहेत ते आधी मोजा.

एआयबद्दल लोक मला फार विचारतात, म्हणून थोडं जास्त लिहिते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोस्टारिकामधल्या ग्वानाकास्टे प्रांतातले जुने फोटो संगणकाला शिकवले. निकाल इतका चांगला आला की सगळीकडे गाजला. पुढे त्याच मंडळींनी सांगितलं की शिकवलेले फोटो एका जागचे, एका प्रकारच्या कॅमेऱ्याचे. कॅमेरा बदलला की अक्कल तशीच टिकत नाही, आणि एकाच बाईचे लागोपाठ काढलेले दोन फोटो वेगळी उत्तरं देऊ शकतात. हे त्यांनी स्वतःच मांडलं याचं मला कौतुक वाटतं. काम पुढे चालू आहे, सुधारतंही आहे. तुम्ही कंपनीच्या माणसाला एवढंच विचारा: हे यंत्र कुठल्या बायकांच्या फोटोंवर शिकलं, त्यांचे तुकडे तपासले होते का, आणि एकाच बाईचे पाच फोटो काढले तर पाचही वेळा उत्तर तेच येतं का? शेवटचा प्रयोग तिथल्या तिथे करून बघता येतो.

उजेडाचे याहून खोल प्रयोगही चालू आहेत. निळसर-अतिनील प्रकाश टाकला की पेशीतला एनएडीएच नावाचा रेणू आणि खालच्या थरातलं कोलॅजन स्वतः मंद चमकतात. पेशी बिघडू लागल्या की त्यांचा चयापचय वाढतो, खालचं कोलॅजन विरतं, चमकेचा तोल बदलतो. रक्त ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून नव्या रक्तवाहिन्या वाढल्या की परतणारा प्रकाश तिथे कमी होतो. टेक्सासमध्ये रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम या शास्त्रज्ञ बाईंनी यावर उभं आयुष्य घातलं. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात रामन वर्णपटावर, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशातून पेशीतले रेणू ओळखण्यावर, काम झालं आहे. पण पाळीचा दिवस, वय, सूज या साऱ्यांनी हीच चमक हलते, त्यामुळे तासगावच्या शिबिरात हे आणण्याचं अजून नाव काढू नका.

तर मग डीएनए चाचणी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्हीच्या धोकादायक प्रकारांमुळे होतो. हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोनच प्रकार मिळून साधारण ७० टक्के रोगाला जबाबदार आहेत. विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं पेशीचे दोन पहारेकरी निकामी करतात. ई६ पी५३ ला संपवतं, ई७ आरबीला. पहारा उठला की पेशी बेबंद वाढायला मोकळी. पण हे घडायला दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच लागतात, आणि आपल्याला हवा असतो नेमका तो अवधी.

चाचणीत पीसीआरने विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. त्यामुळे डोळ्यांना काहीही दिसत नसताना, सीमा आत गेलेली असतानाही विषाणू सापडतो. सोबत माणसाच्या एका जनुकाचीही तपासणी होते, नमुन्यात पेशी आल्या होत्या की नुसतं पाणी, हे कळण्यासाठी. लॅबला हे जरूर विचारा. आमच्या पहिल्या शिबिरात चौदा नमुने ‘अवैध’ म्हणून परत आले होते. ब्रश नीट फिरवला नव्हता आणि स्पेक्युलमला जेलीही भरपूर लावली होती. चौदा बायकांना पुन्हा बोलवायचं म्हणजे काय, ते गावात काम करणाऱ्यालाच कळेल.

दूर कशाला, पुरावा आपल्या बाजूच्या धाराशिव जिल्ह्यातला आहे. तेव्हा तो उस्मानाबाद होता. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तिथे ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावांचे चार गट: एकात एचपीव्ही, एकात पॅप, म्हणजे तोंडावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, एकात ॲसिड लावून साध्या डोळ्यांनी बघणं, म्हणजे व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: तपासणी नसलेल्या गटात ६४, एचपीव्हीच्या गटात ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तसा ठोस फरक दिसला नाही. चौथ्या गटाला तपासणीच न दिल्याबद्दल या अभ्यासावर टीकाही झाली, ती मला रास्त वाटते. पण ज्या बायकांनी त्यात भाग घेतला त्यांच्यामुळे जगाची मार्गदर्शक तत्त्वं बदलली, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटना आता ३० वर्षांपासून पुढे, दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी करा असं सांगते. एचआयव्ही असलेल्या बायकांत २५ पासून आणि लवकर लवकर.

व्हीआयएला मी टाकाऊ म्हणत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्याच लोकांनी शिकवलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ती चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सरकारी उपकेंद्रात सिस्टर ती करतात. पण तुम्ही दर दोन वर्षांनी शिबिर घेणार आहात का?

म्हणून माझा सल्ला: आधी डीएनए, मग उजेड. ३०० जणींना एचपीव्ही करा. धाराशिवमध्ये साधारण दहा टक्के पॉझिटिव्ह होत्या. तुमच्याकडेही वीस-तीसच्या पुढे आकडा जाणार नाही असं धरू. कॅमेरा त्या तिसांसाठी, आणि तोही कोल्पोस्कोपी जाणणाऱ्या माणसाच्या हातात. १६ किंवा १८ निघाला तर थेट कोल्पोस्कोपी. विकत घ्यायची गरजही नाही, मिरजेत करणारे आहेत. लॅबला विचारा की चाचणी किती प्रकार पकडते आणि १६-१८ वेगळे सांगते का. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर, ज्यावर सरकारी दवाखान्यात टीबी तपासतात, एचपीव्हीचीही चिप चालते. आधीची चार प्रकारांची, नंतरची आठ प्रकारांची. चौदा प्रकार पकडणारी चाचणीच हवी असा हट्ट नको. १६, १८, ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ या सातांतच सुमारे ९० टक्के रोग येतो. उलट शेवटचे दुबळे प्रकार पकडून उगाच जास्त बायकांना घोर लागतो.

नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पडद्याआड जाऊन, ब्रश आत घालून फिरवायचा. पीसीआरवर चालणाऱ्या चाचणीत हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा असतो. आमच्याकडे निम्म्या बायका तपासणीला नाही म्हणतात त्या टेबलावर झोपायच्या लाजेने. हा मार्ग दिला की आशाताईंचं काम निम्मं होतं.

पॉझिटिव्ह आलेल्या तिसांपैकी खरंच बिघाड किती जणींत आहे, यासाठी पॅथॉलॉजीत आता दुहेरी रंग वापरतात. आरबी निकामी झालं की पेशीत पी१६ साठतं, त्याला तपकिरी रंग. पेशी विभागत असेल तर केआय-६७ असतं, त्याला लाल. निरोगी पेशीत हे दोन्ही एकत्र येत नाहीत, कारण पी१६ विभागणी थांबवतं. एकाच पेशीत तपकिरी अंगावर लाल केंद्रक दिसलं की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबलेले, म्हणजे गडबड. माझ्या पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने एकदा मला सूक्ष्मदर्शकाखाली अशी एकच पेशी दाखवली, आजूबाजूला हजारभर निळ्या शांत पेशी. ती म्हणाली, ‘ही एक पुरे.’ पी१६ चा रंग तुकड्यावरही उपयोगी पडतो, विशेषतः पाळी गेलेल्या बाईत, जिथे सुकलेल्या पेशी आणि बिघडलेल्या पेशी सारख्याच दिसतात. ही सोय सगळीकडे नाही. नसेल तर कोल्पोस्कोपी आणि तुकडा, एवढ्यावरही काम उत्तम चालतं.

ओव्हरीचं थोडक्यात. त्यासाठी शिबिरात काहीही करू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफीचा मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला. तपासणी केलेल्यांत मृत्यू कमी झाले नाहीत. सीए-१२५ पाळीत, गाठीत, टीबीतही वाढतो. पॅकेजमध्ये तो घालून देणाऱ्या लॅबला नम्रपणे नको म्हणा. घरात आई-बहिणीला ओव्हरीचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यांनी बीआरसीए जनुकांविषयी सल्ला घ्यावा; त्यांत दोष असला की या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो. बीआरसीए१ मध्ये दोष असलेल्या बाईला ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका सुमारे ४० टक्के असतो. त्यातला बराच रोग मुळात ओव्हरीजवळच्या गर्भनलिकेच्या टोकाला सुरू होतो, असं पी५३ च्या रंगाने तुकडे तपासताना कळलं. नलिकेत केसासारखी दुर्बीण घालून प्रकाशाने बघण्याचे प्रयोग परदेशात सुरू आहेत.

आता ज्यावर शिबिरं खरी बुडतात ते. जतकडच्या आमच्या एका शिबिरात एकोणीस पॉझिटिव्ह होत्या, पुढच्या तपासणीला आल्या सात. चौकशी केली तर नोंदवहीत लिहिलेला मोबाईल नंबर बहुतेकींच्या नवऱ्याचा. फोन त्याने घेतला, ‘कसला व्हायरस?’ म्हणाला आणि ठेवला. एका घरात भांडण झालं, सासूने सुनेला माहेरी पाठवलं. तेव्हापासून मी नमुना घेण्याआधीच सांगते: हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधीतरी लागतो, दहापैकी नऊ जणींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि आज सापडलेला विषाणू वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब लागत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरही नव्हे. रिपोर्ट बाईच्याच हातात द्या, नंबर तिचा स्वतःचा किंवा तिने सांगितलेल्या मैत्रिणीचा घ्या.

उपचार कोण करणार हे शिबिराच्या फलकावर तारीख लिहिण्याआधी ठरवा. संपूर्ण सीमा दिसत असेल, डाग नळीत शिरला नसेल आणि कॅन्सरचा संशय नसेल, तर थर्मल ॲब्लेशन चालतं. साधारण १०० अंशांवर तापलेलं टोक एका मिनिटाच्या आत लावायचं, बहुतेकींना भूलही लागत नाही. बाकीच्यांना लूप. हे करणारा डॉक्टर आणि तुकडा वाचणारी लॅब, दोघांची लेखी हमी घ्या. वाचलेल्या रकमेतून पॉझिटिव्ह बायकांच्या येण्या-जाण्याची गाडी आणि एका दिवसाची मजुरी बाजूला काढून ठेवा. माझ्या मते तो पैसा कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो.

आणि तारीख द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची छाटणी सोडून धरा. जूनच्या अखेरीस पाऊस लागला की बागेत थोडी उसंत असते. ३०० नमुने तेव्हा घेतले तर पुढच्या तपासण्या छाटणीच्या आत उरकतील. यादी तयार झाली की मला कळवा, नमुना कसा घ्यायचा ते आशाताईंना दाखवायला मी स्वतः येईन.